जाग्या माणसाच्या नाकांतून नळी

भूल म्हणजे झोप, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु आज मी ज्या रोग्यांविषयीं बोलणार आहें, त्यांना आधीं झोपविणेंच धोक्याचें असतें. वर्षानुवर्षें सुपारी व गुटखा चघळून ज्यांच्या गालांची आंतील त्वचा ताठ झाली आहे, ज्यांचें तोंड बोटभरही उघडत नाहीं, असे रोगी आपल्याकडे दुर्मिळ नाहींत. त्यांना गाढ भूल दिली, तर घशाचे स्नायु सैल पडून श्वासमार्ग मिटूं शकतो. आणि नळी घालावयास तोंडाची वाट तर बंदच! म्हणून नळी आधीं व झोप मागाहून, आणि वाट नाकाची. १९६७ सालीं मर्फी नांवाच्या डॉक्टरांनीं पित्तनलिका पाहावयाच्या लवचिक दुर्बिणीच्या साहाय्यानें नाकावाटे श्वासनलिकेंत नळी घातली. आजची पद्धति तिचेंच सुधारलेलें रूप होय.

आतां नाकांत कापसाची वात गेली तरी आपणांस शिंक येते. मग नळी जागेपणीं कशी सोसावी? हा सारा भार बधिर करणाऱ्या औषधावर असतो. नाकाला अशा औषधाकडून दोन गोष्टी हव्या असतात. एक, बधिरता, दुसरी, रक्तवाहिन्यांचें आकुंचन. त्यायोगें नाकपुडी मोकळी होते व रक्त येत नाहीं. रक्ताचा थेंब दुर्बिणीच्या भिंगावर आला, कीं वाट दिसेनाशी झालीच म्हणून समजा.

हीं दोन्ही कामें एकट्यानें करणारें औषध म्हणजे कोकेन. १८८४ सालीं व्हिएन्नांत कार्ल कोलर यांनीं डोळा बधिर करण्यासाठीं त्याचा उपयोग दाखविला, आणि लवकरच तें नाक-घशाच्या वैद्यांच्या हातीं आलें. पण त्याचा गुण तोच त्याचा दोष. तें हृदयाच्या रक्तवाहिन्याही आवळतें व रक्तदाब वाढवितें; शिवाय व्यसनाचें भय निराळेंच.

१९४३ सालीं स्वीडनमध्यें लोफग्रेन यांनीं लिग्नोकेन तयार केलें. तें बधिर उत्तम करतें, पण रक्तवाहिन्या आवळीत नाहीं. म्हणून सर्दीसाठीं वापरतात तेच झायलोमेटाझोलिनचे थेंब आधीं नाकांत सोडतात. अशा जोडीनें कोकेनाचें काम भागतें, आणि कोकेनाचे धोके टळतात. बेन्झोकेनचा फवारा त्वरित लागू पडतो खरा. परंतु त्यामुळें क्वचित् रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्तीच खालावते.

तर मग लिग्नोकेन निर्धोक काय? नव्हे. त्याचाही हिशेब ठेवावाच लागतो. ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार, चरबी वगळून धरलेल्या वजनाच्या दर किलोस ९ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. असें वजन ५० किलो असेल, तर ४५० मिलिग्रॅम. चार टक्क्यांच्या द्रावाच्या एका मिलिलिटरांत ४० मिलिग्रॅम असतात, म्हणजे सव्वा अकरा मिलिलिटरांतच मर्यादा गांठली जाते. दहा टक्क्यांच्या फवाऱ्याची एकेक दाब १० मिलिग्रॅमांची. नाकांतील जेली, घशांतील फवारा, दुर्बिणींतून सोडलेला द्राव, सर्वांची बेरीज एकच. मात्रा अधिक झाली, तर ओंठांभोवतीं मुंग्या येतात, कान वाजूं लागतात, आणि पुढें झटकेही येतात. जाग्या रोग्याचा येथें मोठा उपयोग होतो: पहिली सूचना तोच देतो.

तेव्हां श्रेष्ठ औषध कोणतें? माझ्या मतें, सर्वांत तीव्र तें नव्हे. ज्याचें काम पुरेसें व ज्याचें मोजमाप हातांत, तें.

आणि श्रोतेहो, एक गोष्ट आपल्याही हातीं आहे. आपलें तोंड पूर्वीइतकें उघडत नसेल, किंवा मागें भूल देतांना अडचण आली असेल, तर ती शस्त्रक्रियेपूर्वीं भूलतज्ज्ञांस अवश्य सांगा. नळी काढल्यावरही घशाची जाणीव परत येईपर्यंत पाण्याचा घोट घेऊं नका. बधिर घशांतून तें श्वासनलिकेंत उतरेल. एवढी दक्षता आपण घेतलीत, तर उरलेलें काम तो मोजून भरलेला द्राव करील.