'याराश' : वतन मिळणे आणि वतन जाणे

(आदिवासी वाड्यावस्त्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात घोडेगाव येथे दिलेले भाषण)



"प्रभू, हे खोरे आम्हांला वतन करून दे," अशी प्रार्थना आपल्या सभांत अनेकदा होते. प्रार्थना करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हे शब्द उच्चारताना त्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

जुन्या करारात अशा ठिकाणी बहुधा 'याराश' हे हिब्रू क्रियापद असते. ते दोनशेहून अधिक वेळा आले आहे, आणि मराठीत त्याला एक शब्द पुरत नाही. बापामागे मुलाला वारसा मिळतो, तो याराश. जमिनीचा कबजा घेतला, तोही याराश. त्याचेच 'होरीश' हे प्रयोजक रूप घेतले की अर्थ होतो, तिथे राहणाऱ्याला घालवून देणे. हन्नाच्या गीतात (1 शमुवेल 2) हेच रूप 'दरिद्री करणे' या अर्थाने येते. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. जमीन गेली की दारिद्र्य आलेच.

नाबोथाची गोष्ट आठवा (1 राजे 21). अहाब राजा द्राक्षमळ्याचे पैसे द्यायला तयार होता, बदली जमीनही देत होता. नाबोथ नाही म्हणाला, कारण तो मळा वाडवडिलांचे वतन होता. मग खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथाला दगडमार झाला आणि राजा कबजा घ्यायला निघाला. तिथे क्रियापद आहे याराश. एलीयाने त्याला जाब विचारला, तोही याच शब्दाने. म्हणजे याराश म्हटले की ते देवाकडूनच आले, असे समजू नये.

दुसरे, अनुवाद 2 पाहा. इस्राएल लोक प्रवासात असताना देव त्यांना बजावतो की एसावाच्या, मवाबाच्या, अम्मोनाच्या जमिनीला हात लावू नका, कारण ती मी त्यांना दिली आहे. तिथला शब्दही याच धातूपासून आला आहे. दुसऱ्याचेही वतन असते आणि तेही देवानेच दिलेले असते.

आपल्या भागात महादेव कोळी, ठाकर, कातकरी बांधव पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरई पिकवतात, हिरडा गोळा करतात. त्यांची वहिवाट आहे, पण सगळ्यांच्या हातात कागद नाही. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळाले, ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. 1985 साली भीमाशंकर अभयारण्य झाले, तेव्हा कसत्या जमिनीचा प्रश्न आणखी अवघड झाला. या लोकांना 'होरीश' म्हणजे काय ते शब्दकोशात पाहावे लागत नाही.

म्हणून 2006 चा वनहक्क कायदा आपण नीट वाचला पाहिजे. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासी कुटुंब वनजमीन कसत असेल, तर त्याला प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीवर, जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत, हक्क मागता येतो. अभयारण्यातील जमीनही त्यात येते. हा हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही. लग्न झालेले असेल तर पती-पत्नी दोघांची नावे लागतात. हे वाचताना मला लेवीय 25 आठवते. तिथे जमीन देवाची म्हटली आहे, म्हणून ती कायमची विकायची नाही. सलाफहादाच्या मुलीही आठवतात (गणना 27). त्यांनी वतनात आपला वाटा मागितला आणि देव म्हणाला, त्यांचे बरोबर आहे.

दावा ग्रामसभेकडे द्यायचा असतो. तो पुढे उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो. एकाहून अधिक पुरावे लागतात, आणि दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा धरला जातो. हा मुद्दा विसरू नका. नाबोथाची जमीन खोट्या साक्षीने गेली. इथे खरी साक्ष वेळेवर कागदावर आली, तर जमीन राहू शकते. म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्यासोबत त्यांची साक्षही जाते.

स्तोत्र 37 मध्ये याराश पाच वेळा येते. तिथे जमीन दीनांना मिळते. डोंगरावरील प्रवचनात आपल्या प्रभूने तेच वचन सौम्य जनांना दिले (मत्तय 5). त्यांनी कोणाला हुसकावले, असे तिथे कुठेच नाही.

तेव्हा खोऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण ते खोरे आपल्याला मिळावे म्हणून नव्हे. ज्यांचे आहे त्यांच्याकडे ते राहो, एवढे मागा. आणि 'आमेन' म्हटल्यावर वाडीतल्या आजोबांकडे, आजींकडे जा. बांध कोणी घातला, आंबा कोणी लावला, ते विचारा. त्यांचा जबाब लिहून घ्यायला मदत करा, त्यांना वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या. त्यांचा देव कोणता, हे विचारण्याची अट या कामाला नाही.

प्रभू तुम्हां सर्वांना बळ देवो.