नवा संगणक घ्यायच्या आधी

आजचं बोलणं संगणकाबद्दल आहे. 'आपल्याला काय त्यातलं कळतंय' म्हणून रेडिओ बंद करू नका. आम्हीही परवापरवापर्यंत हेच म्हणत होतो.

झालं असं. आमचा बारा जणींचा बचत गट. मसाले, पापड, कुरडया करतो. प्रदर्शनासाठी मालाची पुस्तिका करायचं ठरलं. प्रत्येक पदार्थाचा फोटो, वजन, किंमत. गटाच्या जुन्या संगणकावर वर्डमध्ये काम सुरू केलं. पहिली काही पानं बरी गेली. मग माऊस हलवला की बाण अडखळत पुढं जायला लागला. अक्षर दाबलं की दोन क्षणांनी उमटायचं. फोटोंची तर तऱ्हाच. कुठं रिकामी चौकट, कुठं लाल फुली, कुठं फोटोची नुसती खालची किनार.

ओळखीच्या एकांनी उभ्या उभ्या पाहिलं आणि सांगितलं, "म्हातारा झालाय, नवा घ्या." नव्याला पस्तीस हजार. मासिक बैठकीत विषय निघाला. बचतीत पैसे होते, पण ते काढले तर एका ताईच्या मुलीच्या फीसाठी ठरलेलं कर्ज पुढं ढकलावं लागणार होतं. ती ताई गप्पच बसली होती. बोलावं तर आपल्या कर्जासाठी बोलते असं वाटायचं. शेवटी उठता उठता हळूच म्हणाली, "हिशेबाची फाइल मी रोज उघडते. त्यात एवढं अडत नाही."

या एका वाक्यानं आम्ही थांबलो. गॅसची ज्योत बारीक झाली तर आपण शेगडी फेकून देतो का? आधी सिलिंडर हलवून बघतो, मग नळी, मग बर्नरची भोकं. एकेक करून. तसंच इथं करायचं ठरवलं. पुस्तिकेच्या फाइलची आधी एक प्रत काढून वेगळी ठेवली. हे तुम्हीही विसरू नका.

पहिला प्रश्न : बाण सगळीकडे अडतो, की एकाच फाइलमध्ये? नुसत्या डेस्कटॉपवर फिरवून बघा. तिथंही उड्या मारत असेल तर आधी माऊस बघा. माऊसच्या पोटात दिवा असतो, तो खालचा पृष्ठभाग 'वाचतो'. आमच्या टेबलावर काच होती. काचेतून उजेड आरपार जातो, मग माऊसला वाचायला काही मिळत नाही. खाली जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवला, उड्या थांबल्या. बिनवायरचा माऊस असेल तर सेल बदलून बघा.

तेवढ्यानं भागलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. मेमरी, सीपीयू, डिस्क अशा रकान्यांत टक्के दिसतात. टक्के बराच वेळ शंभराच्या जवळ असतील तर यंत्रावर भार जास्त आहे. कोणता प्रोग्रॅम तो भार टाकतोय तेही तिथंच कळतं. आमच्याकडे हिशेबाची फाइल उघडली की आकडे शांत, पुस्तिका उघडली की मेमरी भरलीच. म्हणजे दुखणं फाइलचं होतं.

का? तर फोटो. मोबाइलवरचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. साठवताना तो तीन-चार एमबीत मावतो, पण पडद्यावर पुरता उघडला की एकेका ठिपक्याला चार बाइट लागतात. एका फोटोला साधारण ४८ एमबी! कुरडई डब्यात असते तेव्हा केवढीशी, आणि तेलात पडली की कढई भरते, तसंच. आमच्या पुस्तिकेत ४० फोटो. सगळे एकदम फुलले तर दोन जीबीच्या जवळ, आणि आमच्या संगणकाची मेमरी सगळी मिळून चार जीबी. त्यातलीही बरीच विंडोजलाच लागते. मग बाण अडखळणार नाही तर काय होईल?

आणि एवढे मोठे फोटो लागतात तरी कशाला? चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके पुरतात. आमचा फोटो छापायचा तीन इंच रुंद, म्हणजे ९०० ठिपके झाले. फोटो वर्डमध्ये टाकायच्या आधीच लहान करून घ्यावेत. आधीच टाकले असतील तर फोटोवर क्लिक करा, वर पिक्चर फॉरमॅट येतं, त्यात कॉम्प्रेस पिक्चर्स. 'फक्त याच फोटोला' ही खूण काढा, 'कापलेला भाग काढून टाका' ही ठेवा. कापलेला भाग दिसत नसला तरी फाइलमध्ये तसाच पडून असतो. छपाईसाठी २२० चा पर्याय निवडा.

आता न दिसणारे फोटो. तीन खुणा, तीन कारणं.

लाल फुली दिसली, तर बहुधा फोटो फाइलमध्ये नाहीच. 'लिंक टू फाइल' करून टाकलाय. आमचे फोटो पेनड्राइव्हवर होते. पेनड्राइव्ह काढला, फोटो गेले. नुसतं 'इन्सर्ट' करून पुन्हा टाकले.

सगळीकडे रिकाम्या चौकटी दिसल्या, तर फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड असं जा. तिथं 'शो पिक्चर प्लेसहोल्डर्स' वर खूण असेल ती काढा.

फोटोची नुसती किनार दिसली, तर त्या ओळीचं लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' झालेलं असतं. ओळीची उंची ठरलेली, मग फोटो त्यात मावणार कसा? ते 'सिंगल' करा, फोटो पूर्ण दिसतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही. आणि 'संगणक वेगवान करून देतो' म्हणणारे फुकट प्रोग्रॅम उतरवू नका. फोनवरून कुणी तुमच्या संगणकाचा ताबा मागितला तर तो मुळीच देऊ नका.

एवढं करूनही सगळीकडेच चित्रं फाटकी दिसत असतील, पडद्यावरची अक्षरं भलतीच मोठी झाली असतील, तर डिस्प्ले ड्रायव्हर बिघडला किंवा निघाला असेल. तेव्हा जाणकाराला बोलवावं. पण ती वही पुढं ठेवावी. 'काहीतरी झालंय बघा' म्हणण्यापेक्षा 'हे हे पाहिलं, इथं अडतंय' असं सांगितलं की समोरचाही नीट बघतो.

आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. खर्च काहीच नाही, पुठ्ठा घरचाच. संगणक अजून जुनाच आहे, सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घेतो. नवा लागेल तेव्हा घेऊ. पण पुस्तिका वेळेत छापून झाली, आणि फीचं कर्ज ठरलेल्या महिन्यातच दिलं.

त्या बैठकीपासून आम्ही एक नियम केलाय. पाच हजारांच्या वरची वस्तू घ्यायची असेल तर आधी जी ती वस्तू रोज वापरते तिला विचारायचं, आणि तिचं बोलून होईपर्यंत सतरंजी गुंडाळायची नाही.