उतारवयांत कोठें राहावें?



नोकरी संपल्यावर परतवाडा सोडावें काय, असें पुष्कळ वृद्ध आम्हांस विचारतात. कोणी मुलाकडे पुण्यास जाऊं म्हणतो, कोणी चिखलदऱ्याची हवा वाखाणतो. चिखलदरा सुमारें ३,६०० फुटांवर; वैशाखांत वऱ्हाड भाजून निघतें, तेव्हां तेथील गारवा खराच सुखाचा. परंतु आषाढांत तेथेंच धुकें व संततधार. रात्रीं छातींत कळ आली, तर घाट उतरून परतवाड्यासच यावें लागेल.

म्हणून हवा पाहा, पण आधीं शेजार पाहा. मिस्सेस पायीं जातां यावें, वैद्य जवळ असावा, आणि एक दिवस आपण दिसलों नाहीं, तर दार ठोठावणारा कोणी असावा. जे येथें एकटे राहिले आहेत, त्यांचें दार ठोठावणें हें आपणां सर्वांचें ज्युबिलीचें व्रत असो.