पंपाचें टर्बाइन होतें तेव्हां

धाराशीव जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटाच्या पठारावर वसला आहे. या पठारावरचें पाणी कांहीं सीना-बोरीवाटे भीमेकडे, तर कांहीं तेरणा-मांजरेवाटे गोदावरीकडे निघून जातें; जिल्ह्याच्या वाट्यास राहतें तें थोडें. नळदुर्गास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळांत बोरी नदीवर बांध घालून पाणीमहाल उभारणाऱ्या कारागिरांनीं जाणारें पाणी अडविलें. अलीकडच्या अभियंत्यांस याहून अवघड काम पतकरावें लागलें. त्यांना खालचें पाणी वर चढवावयाचें होतें.

भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारें ४९७ मीटर. धाराशीव शहर साडेसहाशे मीटरांच्या आसपास. म्हणजे धाराशिवांतल्या घरीं उजनीचें पाणी नळाला येतें, तें सुमारें दीडशे मीटर चढून आलेलें असतें. तुळजापूरजवळच्या रामदरा तलावापर्यंत पाणी नेणारी कृष्णा-मराठवाडा उपसा योजनाहि याच जातीची.

पंप चालूं आहे तोंवर सारें सुरळीत असतें. अभियंत्याला काळजी असते ती वीज अकस्मात् जाण्याच्या क्षणाची. त्या क्षणीं नळांत कित्येक किलोमीटर लांबीचा पाण्याचा स्तंभ चालत असतो. मागून रेटणारी शक्ति गेली, तरी त्याची धांव एकदम थांबत नाहीं. पंपापाशीं दाब कोसळतो, आणि दाब उतरल्याची वर्दी लाटेच्या रूपानें नळांतून पुढें जाते. लोखंडी नळांत या लाटेचा वेग सेकंदास सुमारें एक हजार मीटर. दहा किलोमीटर लांबीच्या नळांत ती टोंकास जाऊन परत येण्यास वीस सेकंद लागतात. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यानें मॉस्को शहराच्या नळांवर १८९७-९८ च्या सुमारास प्रयोग करून या धक्क्याचें माप बसविलें. पाण्याचा वेग सेकंदास अवघ्या एक मीटरनें एकाएकीं बदलला, तर दाब सुमारें शंभर मीटर उंचीच्या पाण्याइतका चढतो किंवा उतरतो.

घाट चढून नळ जेथें पठारावर आडवा होतो, तें वळण सर्वांत नाजूक. तेथें दाब आधींच कमी असतो. तो आणखी उतरला म्हणजे पाण्याची वाफ होते, स्तंभ दुभंगतो, आणि दुभंगलेले भाग पुन्हा एकमेकांवर आदळतात तेव्हां नळ फुटतो. पंपापाशीं बिघडलें आणि नळ फुटला मैलभर दूर, असें यामुळें घडतें. शहरावर मग आठ-आठ दिवस टँकरची वाट पाहण्याची पाळी येते. जपानांतील ओइगावा वीजगृहांत १९५० सालीं झडप फार जलद मिटली आणि नळ फुटून तीन कामगार दगावले. तेथें फुटलेल्या जागेच्या वरच्या बाजूचा नळ आंतील दाब नाहींसा झाल्यामुळें चेपून गेला होता. दाब वाढणें जितकें घातक, तितकेंच उतरणेंहि.

आतां पंपाकडे वळूं. वीज गेल्यावर त्याचें चक्र मंदावतें. पाणी थबकतें आणि उताराकडे परतूं लागतें. मोठ्या नळावर एकेरी झडप झटकन मिटली, तर तिचाच धक्का बसतो. म्हणून पुष्कळ ठिकाणीं ती सावकाश मिटविली जाते. या अवधींत परतणारें पाणी चक्राला प्रथम रोखतें, मग उलट फिरवूं लागतें. येथें पंपाचें टर्बाइन झालें! वीज निर्माण करणारें नव्हे, कोणतेंच ओझें नसलेलें, बेफाम. त्याची उलटी गति नेहमींच्या गतीहूनहि वाढूं शकते.

उजनीच्या धरणापायथ्याशीं बारा मेगावॉटचें एक यंत्र आहे. तें दिवसां टर्बाइन आणि गरजेप्रमाणें पंप, अशा दोन्ही भूमिकांसाठींच घडविलेलें आहे. धाराशिवाकडे पाणी चढविणाऱ्या पंपावर मात्र ही भूमिका संकटांत लादली जाते, आणि तो ती कशी वठवील हें त्याच्या नेहमींच्या कामावरून कळत नाहीं.

तें आधीं कळावें म्हणून आज हा सारा प्रसंग संगणकावर रचून पाहतात. नळाची लांबी, जाडी, चढउतार भरणें सोपें असतें. अडतें तें यंत्राच्या गुणवक्रांपाशीं. कारखानदार पंपाबरोबर जो वक्र देतो तो केवळ सुलट फिरण्याचा. संगणकाला हवे असतात चारी प्रकार: चक्र सुलट वा उलट, पाणी सुलट वा उलट. थोमा आणि किट्रेज यांनीं १९३१ सालीं, आणि नॅप यानें १९३७ सालीं, पंप मुद्दाम अशा विपरीत अवस्थांत चालवून तीं मापें घेतलीं. पुढें सूटर यानें एक तोड काढली. गति आणि प्रवाह या दोन राशींवरून एक कोन काढावयाचा व त्या कोनावर दाबाचा व पिळाचा असे दोनच वक्र मांडावयाचे. गति शून्यावर आली तरी भागाकार अडत नाहीं, ही त्यांतील खुबी. प्रचलित पद्धतींत अशा प्रत्येक वक्राचे ८९ आंकडे भरतात.

हे आंकडे नसतील तर दुसऱ्या पंपाचे उसने घ्यावे लागतात. उसने घेण्यास हरकत नाहीं, पण जात पाहून. जात ठरते विशिष्ट वेगावरून. उंच चढविणाऱ्या पंपाचें चक्र बेफाम झालें कीं परत येणाऱ्या पाण्याला तें स्वतःच कोंडूं लागतें. झडप न हलतांहि ती मिटल्यासारखा दाब वाढतो. कमी उंचीवर विपुल पाणी ढकलणाऱ्या, पंख्यासारख्या पंपांत नेमकें उलटें होतें. एकाच्या जागीं दुसऱ्याचे आंकडे बसविले तर उत्तर सुबक येतें, आणि साफ खोटें असतें.

खऱ्या टर्बाइनचें प्रकरण याहून नाजूक. १९१५ सालीं खोपोलीस बसविलेल्या पेल्टन चक्रांत पाण्याची धार चक्राच्या गतीवर अवलंबून नसते. तें गणित सरळ. फ्रान्सिस जातींत मार्गदर्शक पातीं जितकीं उघडावीं तितके निराळे वक्र. शिवाय अगदीं थोड्या उघडीचे वक्र कारखानदार सहसा मोजीतच नाहीं, आणि पातीं मिटतांना यंत्र नेमकें त्यांतूनच जातें. उलटसुलट चालणाऱ्या यंत्रांत वक्र नागमोडी होतो. एका गतीला तीन प्रवाह संभवतात, आणि संगणक त्यांतला भलताच उचलतो.

सर्वांत साधी चूक मात्र जडत्वाची. जुन्या कोष्टकांत तें व्यासावरून मोजून दिलेलें असतें, तर संगणक त्रिज्येवरचें मागतो. कोष्टकांतला आंकडा तसाच भरला कीं चक्र चौपट जड होतें. कागदावर तें सावकाश मंदावतें, दाब हळू उतरतो, आणि पठाराच्या वळणावर हवेच्या टाकीची गरज नाहीं असा निर्वाळा मिळतो. टाकीचा खर्च वाचल्याचा आनंद फार दिवस टिकत नाहीं.

म्हणून पंपाच्या मागणीपत्रांतच चारी प्रकारचे वक्र आणि जडत्व मागून घ्यावें हें बरें. यंत्र बसल्यावर खरेदीदाराच्या विनवणीला कारखानदार दाद देईलच असें नाहीं. आणि योजना सुरू करतांना, प्रथम एका पंपावर आणि मग सर्वांवर, वीज मुद्दाम तोडून नळावरच्या दाबमापकांची नोंद घ्यावी. पहिला खळगा गणितापेक्षां खोल निघाला तर बहुधा जडत्व चुकलें आहे. खळगा जुळून मागून येणारा उंचवटा जुळला नाहीं, तर तपासणाऱ्यानें झडपेच्या मिटण्याकडे आणि त्या ८९ आंकड्यांकडे परत जावें.