मागून येणारा आवाज

माझे अब्बा आठवडी बाजारात बांगड्या विकायचे. सायकलच्या कॅरिअरवर बांगड्यांची पेटी आणि हॅण्डलला टांगलेला ट्रान्झिस्टर. कळमनुरीच्या रस्त्याने गाणी ऐकत जायचे. पण मागून एसटीचा हॉर्न वाजला, की सायकल आपोआप कडेला यायची. गाणे हॅण्डलवर होते, कान मोकळे होते.

मीही सायकलवालाच. कविता मला पायडल मारतानाच सुचते. दोन वर्षांपूर्वी लेकीने हेडफोन भेट दिला. ऊसतोडीचे दिवस होते. कानात गझल लावून निघालो. उसाचा ट्रॅक्टर शेजारून गेला, त्याची ट्रॉली गेली. संपले असे समजून मी सायकल पुन्हा डांबरावर घेतली. मागे दुसरी ट्रॉली जोडलेली होती! बाहेर लोंबणाऱ्या उसाचा फटका खांद्याला बसला आणि मी बाभळीच्या काट्यांत. ट्रॅक्टरवाला धावत आला. "चाचा, कवाचा हॉर्न वाजवू लालो, ऐकू येईना का?" मी गळ्यातला हेडफोन हळूच खिशात घातला. खोटे कशाला बोलू, लाज वाटली.

सायकलला आरसा नसतो. मागचे जे काही कळते, ते कानालाच. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोहोचतो, डाव्या कानात नंतर. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण तेवढ्यावर मेंदू दिशा ओळखतो. मुले म्हणतात, "आम्ही एकच कान बंद ठेवतो." अरे, मग आवाज येतो, पण कुठून येतो ते नीट कळत नाही. बाहेरचा गोंगाट गिळणारे नवे हेडफोन तर संथ, एकसुरी घरघर सर्वांत चांगली दाबतात. म्हणजे नेमकी ट्रॅक्टरचीच.

ऐकू न येणारी माणसेही सायकल चालवतात, हे खरे. पण आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक असते, ती वळून पाहतात. गाण्यात बुडालेला माणूस वळत नाही. उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ 26 एप्रिल 2018 रोजी फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर शाळेच्या गाडीला रेल्वेने धडक दिली. 13 मुले गेली. चालकाच्या कानात इअरफोन होता, असे तेव्हा सांगण्यात आले. ती सायकल नव्हती. पण कान तसेच बंद होते. फ्रान्सने 2015 पासून सायकलस्वारांनाही इअरफोन लावायला बंदी केली आहे. आपल्याकडे सायकलला लायसन लागत नाही, त्यामुळे कोण कोणाला अडवणार?

लेकीला मी खांद्याचा डाग दाखवला नाही, पण तिच्या अम्मीने सांगितलेच. "अब्बा, परत करू का दुकानात?" ती म्हणाली. नको म्हटले. आता गझल रात्री अंगणात खाटेवर ऐकतो. सायकलला मात्र अब्बांचा जुना ट्रान्झिस्टर दुरुस्त करून टांगला आहे. खरखरतो फार, पण हळदीच्या शेतातला मोटारपंपही त्यातून ऐकू येतो.