धुरा कोणी घातला?
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



वऱ्हाड कुठे सुरू होते आणि कुठे संपते, एवढा साधा प्रश्न पारावर टाकून पाहा. दहा माणसांची बारा उत्तरे येतील. नागपूरचा म्हणेल, वऱ्हाड आणि विदर्भ एकच. अकोल्याचा म्हणेल, वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपले. भंडाऱ्याचा म्हणेल, आमची झाडीपट्टी, आमचा वऱ्हाडाशी संबंध काय? यात खोटे कोणीच बोलत नाही. प्रत्येकाच्या हातातली मोजपट्टी तेवढी वेगळी आहे. आज आपण त्या मोजपट्ट्याच तपासू.

पहिली मोजपट्टी राजाची. 'ऐन-ए-अकबरी'त अकबराच्या वऱ्हाड सुभ्याचे भाग दिले आहेत. त्यात गाविलगड, नरनाळा, वाशीम, मेहकर आहेतच. पण वर्धेजवळचे पवनार आहे, आज मध्य प्रदेशात गेलेला बैतुलकडचा खेरला आहे, माहूर आहे आणि परभणीकडची पाथरीसुद्धा आहे. आज पाथरीच्या शेतकऱ्याला वऱ्हाडी म्हटले तर तो हसेल. मग वर्धा नदी सीमा झाली कधी? १८०३ साली अडगाव आणि गाविलगड इथे नागपूरकर भोसले इंग्रजांकडून हरले. त्याच डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख निजामाच्या पदरात पडला. नदी तीच, दोन्ही काठांचे सोयरे तेच. कागदावर शाई पडली आणि मुलूख दोन झाले.

दुसरी मोजपट्टी बोलीची. काळ्या मातीला 'कायी माती' आणि डोळ्याला 'डोया' म्हणणारा तो वऱ्हाडी, असे आपण सहज म्हणतो. पण हाच 'य' जळगावकडच्या लेवा बोलीतही ऐकू येतो. मग वऱ्हाड तिथवर न्यायचे काय? ग्रिअर्सन साहेबाने देशभरच्या भाषांची पाहणी केली. मराठीचा खंड १९०५ साली निघाला. खानदेशी त्याने त्यात घेतली नाही, ती भिल्ली बोलींसोबत दुसऱ्या खंडात टाकली. अहिराणी ही मराठीची बोली की वेगळी भाषा, हा वाद आजही मिटलेला नाही. जिथे पंडितांचे जमत नाही, तिथे तलाठ्याच्या नकाशाने काय होणार?

तिसरी मोजपट्टी मातीची आणि भाकरीची. आपली काळी कपाशीची माती ज्या खडकापासून झाली, तो खडक नागपूरच्या आसपास संपतो. पुढे दुसरा खडक, दुसरी माती, तळी आणि धान. म्हणजे ज्वारीची भाकर आणि भाताचे ताट यांची सीमा एकाच विदर्भाच्या पोटातून जाते. उलट दक्षिणेला पैनगंगा ओलांडा. राज्य बदलते, आदिलाबादचा शेतकरी तेलंगणात जातो. काळी माती आणि कपाशी मात्र तीच.

चौथी मोजपट्टी सणाची. आपला बैल पोळ्याला सजतो. सातारा-कोल्हापूरकडे बऱ्याच गावांत तो मान बेंदराला. या हिशेबाने वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश एका बाजूला येतात. पण पोळा छत्तीसगडातही आहे. बैलाला विचारले तर तो आपला प्रांत रायपूरपर्यंत नेईल.

पाचवी मोजपट्टी कचेरीची, आणि शेवटी जोर चालतो तो हिचाच. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १९०३ साली ते मध्य प्रांताला जोडले गेले. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले. १९५६ साली ते जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात. राजुऱ्याचे पाहा. १९५६ साली तो तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबादेतून नांदेडला आला, १९५९ साली चांद्याला गेला. तीन वर्षांत राजुऱ्याचा माणूस मराठवाड्याचाही झाला आणि विदर्भाचाही. त्याच्या घरची बोली, त्याचा देव, त्याची भाजी यांतले काय बदलले?

तुम्ही म्हणाल, या वादाशी आपल्या पोटाचा काय संबंध? संबंध आहे. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली. आपला कापूस राज्याबाहेर नेऊन विकणे हा गुन्हा ठरला. त्या काळी पलीकडे भाव चांगला असला, तरी नाक्यावर गाडी अडत होती. पलीकडच्या पांढुर्ण्यात मराठी बोलतात, तिथे आपल्या लेकी दिल्या आहेत. सोयरीक सीमा ओलांडू शकत होती, कापूस ओलांडू शकत नव्हता. ती योजना केव्हाच संपली. धडा मात्र संपलेला नाही. पाटाचे पाणी, रस्त्याचा पैसा, अनुशेषाचा हिशेब हे सारे आजही कोणत्या तरी रेषेच्या आतबाहेरच मोजले जाते.

म्हणून आम्ही म्हणतो, धुरा आणि माती यांत गल्लत करू नका. धुरा माणूस घालतो. माती हळूहळू बदलते. भारी जमीन संपून हलकी कुठे लागली, ते कोणत्याही शेतकऱ्याला बोट ठेवून दाखवता येत नाही, पण दोन्ही जमिनी वेगळ्या आहेत हे त्याला पक्के ठाऊक असते. मुलखांचे तसेच आहे. वऱ्हाड आहे, झाडीपट्टी आहे, मराठवाडा आहे, खानदेश आहे. त्यांच्यामधला पट्टा दोघांचा असतो आणि त्या पट्ट्यातल्या माणसाला दोन्हीकडचे कळते.

राज्यकारभाराला धुरा लागतो, हे खरे. राज्य लहान असावे की मोठे, यावर खुशाल भांडा. तो वाद हिशेबाचा आहे, तो हिशेबानेच लढवा. पण उद्या कोणी तुमच्या गावात येऊन सांगू लागला की अमुक रेषेपलीकडचा माणूस आपला नव्हे, तर त्याला तीन प्रश्न विचारा. ही रेष कोणत्या मोजपट्टीने आखली? कोणत्या साली आखली? आणि तिच्यामुळे कोणाच्या घरात पैसा आला, कोणाच्या घरातून गेला?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत त्याला पारावरून उठू देऊ नका.