छावणीतील कठोरपणाचा अर्थ



शिस्तीचा महिमा आपण नेहमीच ऐकतो. परंतु तिचा खरा अर्थ ती भोगणाऱ्यालाही पुष्कळदा फार उशिरा उमगतो. अमेरिकेच्या मरीन दलातील युजीन स्लेज या सैनिकाच्या आठवणी या दृष्टीने मननीय आहेत.

अलाबामा राज्यातील एका डॉक्टरांचा हा मुलगा. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ साली, अधिकारीपदाच्या शिक्षणासाठी त्याला महाविद्यालयात धाडण्यात आले. पण शिक्षण पुरे होईतो युद्धच संपून जाईल, या भीतीने तो आणि त्याचे अनेक सहाध्यायी मुद्दाम नापास झाले. साधे शिपाई म्हणून ते सॅन दिएगो येथील प्रशिक्षण छावणीत दाखल झाले.

तेथे दिवस उजाडे पहाटे ४ वाजता आणि संपे रात्री १० वाजता. संपे, असे केवळ म्हणायचे! मध्यरात्री केव्हाही हाक येई. कधी रायफलींची तपासणी, कधी कवायत, तर कधी उपसागराकाठच्या भुसभुशीत वाळूतून धावणे. त्यांचा प्रशिक्षक फारसा ओरडत नसे. पण त्याच्या थंड, करड्या स्वरानेच अंगावर काटा उभा राही. कोवळ्या वयाच्या त्या मुलांना हा सारा निष्कारण छळ वाटे.

त्या छळामागील कारण रणांगणाने सांगितले. १५ सप्टेंबर १९४४ रोजी मरीन सैनिक पॅसिफिक महासागरातील पेलेल्यू बेटावर उतरले. प्रवाळाचा कठीण खडक, त्यात धड खंदकही खणता येईना. दिवसा भाजून काढणारे ऊन आणि रात्री अंधारातून सरपटत येणारे जपानी सैनिक. एका खळग्यात दोघे. एकाने डोळा मिटायचा, तर दुसऱ्याने जागायचे. युद्ध कोणालाही झोप देत नाही, हे तेव्हा स्लेजला कळले आणि छावणीतील त्या मोडलेल्या झोपेचे मोल ध्यानी आले. त्याच्या कंपनीचे सुमारे २३५ जण बेटावर गेले होते. धडधाकट परतले ते अवघे ८५.

पुढे ओकिनावाचीही लढाई लढून स्लेज घरी परतला. लहानपणापासून शिकारीचा शौक असलेला हा तरुण एकदा घायाळ होल्याला मारावे लागले म्हणून ढसाढसा रडला आणि त्याने शिकार कायमची सोडली. नंतर तो जीवशास्त्राचा प्राध्यापक झाला. युद्धात खिशातील बायबलच्या प्रतीत लपवून ठेवलेल्या टिपणांवरून त्याने आपल्या आठवणी लिहिल्या. त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या १९८१ साली. त्या पानांत प्रशिक्षकाविषयी द्वेष नाही, तसा युद्धाचा गौरवही नाही.

छावणीने स्लेजला जागे राहायला शिकविले, म्हणून तो जगला. परंतु रणांगणावरून परतल्यावर शांत झोपावे कसे, हे कोणत्याही छावणीत शिकवीत नाहीत. तरुणाला कठोर बनविणे हे सेनेचे कर्तव्य होय. परत आलेल्या त्या कठोर माणसाच्या मनातील कोवळीक जपणे, हे मात्र समाजाचे.

आपल्या आळीत, आपल्या नात्यात एखादे वृद्ध माजी सैनिक असतील. त्यांच्या पदकांची चौकशी आपण करतोच. एकदा त्यांच्याजवळ निवांत बसून त्यांच्या रात्रींविषयीही विचारावे. ते बोलू लागले, तर मध्ये न बोलता ऐकावे.